गणित बरोबर, टिक चुकीची: डेटा सफिशियन्सीत तीच चूक परत परत होत असेल तर

"मॅडम, उत्तर आलं होतं ओ माझं. टिक चुकली."

सांगलीत विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी बुद्धिमत्ता चाचणी आणि अंकगणित घेते. सराव पेपर तपासून झाला की हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. म्हणणारी मुलं कच्ची नसतात. वयवारी, शेकडेवारी, काळ-काम-वेग त्यांच्या हातात बसलेलं असतं. रफ कागद मागून घेतला तर समीकरण नीट मांडलेलं, किंमतही अचूक काढलेली, आणि वर्तुळ मात्र भलतंच रंगवलेलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

हे होतं ते 'दिलेली माहिती पुरेशी आहे का' (डेटा सफिशियन्सी) या प्रकारच्या प्रश्नांत. वर एक प्रश्न, खाली दोन विधानं, आणि पर्याय साधारण असे: विधान १ एकटं पुरेसं, विधान २ एकटं पुरेसं, दोन्हींपैकी कोणतंही एक पुरेसं, दोन्ही एकत्र घेतली तरच पुरेशी, दोन्ही घेऊनही अपुरी. बँकेच्या मुख्य परीक्षांत हे प्रश्न येतात, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात येतात. राज्यसेवा पूर्वच्या दुसऱ्या पेपरात ८० प्रश्न, १२० मिनिटं आणि २०० गुण, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट आणि अडीच गुण. पात्र व्हायला ३३ टक्के लागतात. काठावरच्या मुलाला येत असलेल्या गणितात दोन-तीन टिका चुकणं परवडत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी एक साधी तपासणी करा. मागच्या चार-पाच सराव पेपरांतले या प्रकारचे चुकलेले प्रश्न काढा आणि वहीत प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहा: बरोबर पर्याय कोणता होता, आणि तुम्ही कोणता टिक केला. प्रश्न कशावरचा होता, वयवारीचा की दिशांचा, ते सध्या लिहू नका. बहुतेक मुलं नेमकं तेवढंच लिहितात आणि मग 'माझी वयवारी कच्ची आहे' असं ठरवून वयवारीची आणखी पन्नास गणितं सोडवत बसतात. दुखणं पायाला आणि पट्टी हाताला. चूक कुठल्या पर्यायावरून कुठल्या पर्यायावर घसरली हे पाहिलं की दुखणं कुठं आहे ते बऱ्यापैकी कळतं. निरनिराळ्या धड्यांवरचे प्रश्न वहीत एकाच ओळीत येऊन बसतात.

(गणितच चुकत असेल, म्हणजे समीकरण मांडायलाच जमत नसेल, तर हा लेख तूर्त बाजूला ठेवा. आधी तो धडा पक्का करा.)

हवं होतं 'दोन्ही एकत्र', टिक केलं 'विधान २ एकटं'

माझ्याकडच्या वह्यांत ही जोडी सगळ्यात जास्त दिसते. एक प्रश्न घेऊ.

मुलीचं आजचं वय किती?
विधान १: आज आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे.
विधान २: १२ वर्षांनी आईचं वय मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल.

पहिलं विधान वाचलं. मुलगी क्ष, आई ३क्ष. एवढ्यावर वय निघत नाही, म्हणजे अपुरं. मग दुसरं वाचलं आणि हात आपसूक चालू लागला: ३क्ष + १२ = २(क्ष + १२), क्ष = १२. मुलगी १२ वर्षांची. 'विधान २ वर उत्तर आलं', टिक.

यातलं ३क्ष कुठून आलं? ते विधान १ चं आहे. दुसऱ्या विधानाकडे एकट्याने पाहायचं ठरलं तर आई आणि मुलगी यांच्यात आज काय नातं आहे याची तुम्हाला काहीच माहिती नाही. आई य, मुलगी क्ष धरून य + १२ = २(क्ष + १२) एवढंच मिळतं. मुलगी १० ची आणि आई ३२ ची असेल तरी चालतं, मुलगी १५ ची आणि आई ४२ ची असेल तरी चालतं. म्हणजे विधान २ ही एकटं अपुरं. दोन्ही एकत्र घेतली की १२. पर्याय 'दोन्ही एकत्र'.

या चुकीला मी गळती म्हणते. पहिल्या विधानातलं पाणी दुसऱ्यात झिरपतं आणि करणाऱ्याला कळतही नाही, कारण मेंदूला वाचलेलं विसरायची सवय नसते. शाळेत दहा वर्षं आपण 'दिलेली सगळी माहिती वापरा' असंच शिकलेलो असतो. इथं पहिल्या फेरीत नेमकं उलटं करायचं असतं.

उपाय हातानंच करायचा, मनानं ठरवून तो होत नाही. छापील पेपर असेल तर विधान २ वाचताना विधान १ वर डावा तळहात ठेवा. खरोखर ठेवा. वर्गात मी सुरुवातीचे दोन आठवडे सगळ्यांना तसं करायला लावते. मुलं लाजतात, पण तिसऱ्या आठवड्यात ही जोडी वहीत कमी दिसायला लागते. परीक्षा संगणकावर असेल तर स्क्रीनवर हात ठेवून चालणार नाही. तिथं रफ कागदाच्या मधोमध उभी घडी घाला. डावीकडे विधान १ चं काम, उजवीकडे विधान २ चं. उजवीकडे लिहिलेल्या प्रत्येक अक्षराला विचारा, 'तू कुठून आलास?' ३क्ष उजव्या बाजूला दिसलं की गळती पकडली गेली.

एक सूट लक्षात असू द्या. मूळ प्रश्नातच जी माहिती दिलेली असते ती दोन्ही विधानांची सामाईक असते, ती दोन्हीकडे वापरायची. तळहात फक्त विधानावर ठेवायचा, प्रश्नावर नाही. काही मुलं घाईत प्रश्नातली अटही सोडून देतात आणि मग पुरेसं विधान अपुरं दिसतं.

हवं होतं 'विधान १ एकटं', टिक केलं 'दोन्ही एकत्र'

ही जोडी हुशार मुलांची. गळतीवर त्यांनी मात केलेली असते, पण 'दोन अज्ञातं असली की दोन समीकरणं लागतात' हे वाक्य डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की एका विधानावर ती विश्वास टाकत नाहीत.

एका दुकानात भडंगाचं पाकीट ३५ रुपयांना आणि बेदाण्याचं ६० रुपयांना आहे. एका गिऱ्हाइकाने दोन्ही प्रकारची काही पाकिटं घेतली. भडंगाची पाकिटं किती?
विधान १: एकूण बिल २९५ रुपये झालं.
विधान २: एकूण ७ पाकिटं घेतली.

बहुतेकांचं उत्तर 'दोन्ही एकत्र'. ३५क्ष + ६०य = २९५ आणि क्ष + य = ७, दोन अज्ञातं, दोन समीकरणं, संपलं. आता फक्त पहिलं विधान घेऊन बघा. पाचाने भागलं तर ७क्ष + १२य = ५९. पाकिटं अर्धी-पाव मिळत नाहीत आणि दोन्ही प्रकारची किमान एकेक आहेत. य ला १ द्या: ४७ उरतात, ७ ने भाग जात नाही. २ द्या: ३५ उरतात, क्ष = ५. ३ द्या: २३, नाही. ४ द्या: ११, नाही. त्यापुढे संपलंच. एकच उत्तर निघतं, भडंगाची ५ पाकिटं. विधान १ एकटं पुरेसं. विधान २ एकट्याने काहीच सांगत नाही.

पाकिटं, पोती, माणसं, नाणी, बस यांची संख्या पूर्णच असणार, ही अट कुणी लिहून देत नाही. ती वस्तूच्या नावात लपलेली असते. वजन, किंमत, अंतर, वेळ यांना ती लागू नाही. म्हणून प्रश्न वाचतानाच मी मुलांना अज्ञाताच्या शेजारी एक खूण करायला सांगते: मोजायची वस्तू की मापायची? मोजायची असेल तर एका समीकरणावर लगेच हात झटकू नका, दोन-चार किमती घालून बघा.

याच जोडीत दुसऱ्या तऱ्हेच्या चुकाही येऊन बसतात. प्रश्न काय मागतोय ते न बघता सगळी अज्ञातं वेगवेगळी काढायला बसणं, ही त्यातली मोठी. क्ष + य किती, असं विचारलंय आणि विधान सांगतंय ३क्ष + ३य = ४२. बेरीज १४, काम झालं. क्ष किती आणि य किती हे आयुष्यभर कळलं नाही तरी चालेल. तसंच शेकडा नफ्याचं. 'बेदाण्याच्या व्यवहारात शेकडा नफा किती?' याला 'विक्रीची किंमत खरेदीच्या सव्वापट होती' एवढं पुरतं, २५ टक्के. रुपयांत एकही आकडा नाही म्हणून मुलं ते अपुरं ठरवतात. आणि 'नफा ४००० रुपये झाला' हे विधान आकडा असूनही अपुरं आहे, कारण कितीवर ४०००, हे माहीत नाही. आकडा दिसला की भरवसा वाटतो आणि प्रमाण दिसलं की शंका येते. टक्केवारी किंवा गुणोत्तर मागितलं असेल तर हे उलटं करून घ्या.

क्रम लावायच्या प्रश्नांतही हेच. अ, ब, क, ड, इ या पाच मुलींत सगळ्यात उंच कोण? विधान १: अ ही ब पेक्षा उंच, पण ड पेक्षा ठेंगणी. विधान २: क ही इ पेक्षा उंच, पण अ पेक्षा ठेंगणी. दोन्ही एकत्र घेतल्यावर ब आणि क यांच्यात कोण उंच हे कळत नाही, म्हणून मुलं 'दोन्ही घेऊनही अपुरी' टिक करून मोकळी होतात. पण विचारलंय फक्त सगळ्यात उंच कोण. ड ही अ पेक्षा उंच, आणि बाकी तिघी अ पेक्षा ठेंगण्या. ड. पुरेसं. आकृती अर्धवट राहिली तरी प्रश्नाचं उत्तर मिळालं. प्रश्नातल्या विचारलेल्या शब्दाखाली रेघ ओढायची सवय इथं फार कामाला येते.

हवं होतं 'पुरेसं', टिक केलं 'अपुरं', आणि प्रश्न 'का'ने संपतो

हो किंवा नाही असं उत्तर मागणारे प्रश्न वेगळे काढा. त्यांत एक गैरसमज इतका पक्का असतो की समजावून सांगितल्यावरही दोन-तीन आठवडे परत परत डोकं वर काढतो.

पावसाळ्यात आम्हा सांगलीकरांच्या तोंडी रोज सकाळी एकच आकडा असतो, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. तेव्हा हा प्रश्न मी मुद्दाम असा देते:

काल संध्याकाळी पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या वर होती का?
विधान १: काल संध्याकाळी पातळी ३५ फुटांपेक्षा कमी होती.
विधान २: परवा संध्याकाळपेक्षा काल संध्याकाळी पातळी २ फुटांनी जास्त होती.

विधान १ वाचून मुलं म्हणतात, 'नाही, वर नव्हती', आणि त्या 'नाही'च्या भरात 'विधान १ पुरेसं नाही' लिहितात. दोन वेगळ्या 'नाहीं'ची गल्लत होते. प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे, आणि ते ठाम आहे. ठाम 'नाही' मिळणं म्हणजे माहिती पुरेशी असणं. कुणी रात्री फोन करून विचारलं, पाणी इशाऱ्याच्या वर गेलं का, आणि तुम्ही खात्रीनं 'नाही' म्हणालात, तर त्या माणसाला झोप लागेल. त्याचं काम झालं. विधान २ वर मात्र तुम्हाला 'सांगता येत नाही' म्हणावं लागेल. परवा ३० असेल तर काल ३२, परवा ३९ असेल तर काल ४१. ते अपुरं.

म्हणून अशा प्रश्नांत रफ कागदावर उत्तर तीन शब्दांतच लिहायचं: 'हो', 'नाही' किंवा 'कधी-कधी'. पहिल्या दोन्हींना 'पुरेसं', तिसऱ्याला 'अपुरं'. 'बरोबर-चूक' हे शब्द त्या कागदावर आणूच नका.

हवं होतं 'दोन्ही घेऊनही अपुरी', टिक केलं दुसरंच काहीतरी

इथं चूक एकच: न दिलेली माहिती आपण आपल्या खिशातून घातली. पण ती कुठून-कुठून येते ते पाहण्यासारखं आहे.

घरच्या ओळखीतून येते. 'एक गाडी तासगावहून सांगलीला निघाली. ती किती वाजता पोचली? विधान १: गाडी साडेआठला निघाली. विधान २: तिचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर होता.' माझ्या वर्गातल्या तासगावच्या एका मुलीनं यावर झटकन 'दोन्ही एकत्र' टिक केलं. रोजचा रस्ता, अंतर तिला पाठ. पण अंतर प्रश्नात नाही, विधानांतही नाही. ती रडकुंडीला आली, 'पण मॅडम, मला माहितीय ना.' तिचं दुःख मला कळलं, कारण तिनं खोटं काहीच केलं नव्हतं. तरीही परीक्षेत उत्तर 'दोन्ही घेऊनही अपुरी'च. जे सगळीकडे आणि कायम खरं आहे, म्हणजे आठवड्याचे सात दिवस, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश, २०२४ हे लीप वर्ष, ते वापरायला मुभा आहे. गावांचं अंतर, बाजारातला भाव, गाडीची वेळ ही दिलेली असेल तरच.

नात्यांतून तर फारच येते, आणि मराठीत जास्त येते. हा प्रश्न बघा.

क यांचं अ शी नातं काय?
विधान १: ब ही अ ची सख्खी आत्या आहे.
विधान २: क हे ब चे सख्खे भाऊ आहेत.

वर्गात हात वर होतात: 'काका!' आत्याचा भाऊ म्हणजे काका, दोन्ही एकत्र पुरेशी. मी विचारते, तुमच्या आत्यानं रक्षाबंधनाला राखी कुणाकुणाला बांधली? मग एक-एक चेहरा बदलतो. आत्याचा भाऊ म्हणजे काका असतील, किंवा खुद्द बाबा. दोन्ही घेऊनही अपुरी. विधान २ मध्ये 'ब ला क हा एकच भाऊ आहे' असं असतं तर क हे अ चे वडीलच, आणि मग दोन्ही मिळून पुरेशी झाली असती. तेवढ्या एका शब्दावर पर्याय फिरतो. 'एकच', 'फक्त', 'किमान', 'सख्खा' या शब्दांना या प्रकारात आकड्याएवढीच किंमत आहे.

आणखी एक, हे मला स्वतःला उशिरा लक्षात आलं. राज्यसेवेची प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असते. नात्यांच्या बाबतीत मराठी फार बोलकी आहे. इंग्रजीत एक 'अंकल' म्हटलं की काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान सगळे त्यात मावतात. मराठीत 'मामा' म्हटलं की आईची बाजू पक्की झाली. मराठीत 'हा', 'ही', 'आला', 'आली' यांतून माणूस पुरुष की बाई हे आपोआप कळतं, इंग्रजी वाक्यात ते कळेलच असं नाही. म्हणजे एकाच विधानातून दोन भाषांत कमी-जास्त माहिती मिळू शकते. नात्यांचा प्रश्न असेल तर दोन्ही मजकूर वाचा. आणि कुणाचं कुणाशी नातं विचारलंय ती बाजू तपासा: क हे अ चे वडील ठरले तरी उलट, 'अ चं क शी नातं काय' असं विचारलं असेल, तर अ मुलगा की मुलगी हे कळल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

आकड्यांच्या प्रश्नांत खिशातून येणारी गोष्ट बहुधा चिन्ह असते. क्ष चा वर्ग ४९ म्हटल्यावर आपण ७ लिहितो आणि उणे ७ विसरतो. क्ष² = ७क्ष दिसलं की दोन्हीकडचा क्ष काटून ७ म्हणतो आणि शून्य हरवतं. कुणी सांगितलं क्ष धन आहे? कुणी सांगितलं तो शून्य नाही? आणि कधी माहिती दोन वेळा दिल्यासारखी दिसते पण एकच असते. दोन चहा आणि तीन वडापावचे ९० रुपये. चार चहा आणि सहा वडापावचे १८० रुपये. एका चहाची किंमत किती? दुसरं विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. चहा १५ आणि वडापाव २० चालतं, चहा १२ आणि वडापाव २२ ही चालतं.

या जोडीवर इलाज एकच आणि तो कष्टाचा आहे. 'पुरेसं' म्हणण्याआधी एक प्रामाणिक प्रयत्न उलटा करायचा: विधानात बसेल पण उत्तर वेगळं देईल असं दुसरं उदाहरण सापडतंय का? वर मी प्रत्येक ठिकाणी दोन-दोन उदाहरणं दिलीत ती त्यासाठीच. दोन वेगळी उत्तरं मिळाली की अपुरेपण सिद्ध झालं, पुढं काही करायचं नाही. नेहमीच्या आकड्यांबरोबर शून्य, उणे संख्या, अपूर्णांक आणि दोन्ही समान असलेली स्थिती एकदा घालून बघायची. नात्यांत बाबा-काका, भाऊ-बहीण अशी अदलाबदल करून बघायची. वीस सेकंद लागतात.

वेळ पुरत नाही

वेळेची तक्रार बहुतेक एकाच कारणाने होते: उत्तर निघणार हे कळल्यावरही मुलं ते काढत राहतात. वयवारीच्या त्या प्रश्नात दोन वेगळी समीकरणं हातात आली तिथंच थांबता येतं. १२ हा आकडा कुणी मागितलेला नाही. सराव करताना आठवड्यातून एक दिवस असा ठेवा की पेन हातात घ्यायचंच नाही, फक्त बघून ठरवायचं आणि पर्याय बोलायचा. चुकतील, पण समीकरण दिसताच सोडवायला धावणारा हात आवरायला शिकतो.

आणि पर्यायांची वजाबाकी करा. विधान १ तपासून ते पुरेसं निघालं तर उरतात दोनच पर्याय: '१ एकटं' आणि 'कोणतंही एक'. अपुरं निघालं तर ते दोन्ही कटतात आणि तीन उरतात. विधान १ किचकट आणि २ सोपं दिसत असेल तर २ पासून सुरुवात करा, कुणी हरकत घेत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात अशा पेपरात पाचातले तीन पर्याय खात्रीनं कटले असतील तर प्रश्न सोडून देण्याआधी थोडा विचार करा. एकही कटला नसेल तर सरळ पुढं जा.

एमबीए प्रवेशाच्या जीमॅटसारख्या परीक्षेत या प्रकाराचे पर्याय कायम त्याच क्रमाने असतात. आपल्याकडच्या परीक्षांत तशी हमी धरू नका. क्रम बदलतो, शब्द बदलतात, कधी चारच पर्याय असतात. 'क म्हणजे दोन्ही एकत्र' असं पाठ करून गेलेल्या मुलांची टिक फक्त त्यामुळं चुकलेली मी पाहिली आहे. तीन विधानांचा प्रश्न आला तर आधी एकेक, मग जोड्या (१-२, २-३, १-३), शेवटी तिन्ही. आणि त्यातही पर्यायांत ज्या जोड्या दिल्याच नाहीत त्या तपासत बसू नका.

विधान १ वरून उत्तर १२ आणि विधान २ वरून १५, असं दोन्ही एकट्याने पुरेशी ठरून वेगळी उत्तरं आली, तर परत वाचा. नीट तयार केलेल्या प्रश्नात दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. गफलत बहुधा आपल्याच वाचनात असते.

तासगावच्या त्या मुलीची वही दीड महिन्यानं मी परत पाहिली. 'हवं होतं दोन्ही घेऊनही अपुरी' या ओळीत सुरुवातीला तिच्या बहुतेक चुका होत्या, त्या जवळजवळ थांबल्या होत्या. तिनं स्वतःच पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, 'दिलंय का?' आता तिची एक नवी ओळ भरू लागली होती, 'कोणतंही एक' हवं असताना '१ एकटं' टिक करणं. हे का होतं ते तिला तिचंच कळलं: विधान १ पुरेसं निघालं की आनंदात ती विधान २ वाचतच नव्हती. त्यावर उपदेश काही लागला नाही, विधान २ समोर पेनानं टिंब काढल्याशिवाय पर्यायाकडे बघायचं नाही एवढा नेम तिनं स्वतःला घालून घेतला.

तुमची वही सुरू करायला हा एक प्रश्न घ्या. तळहात तयार ठेवा.

एका अभ्यासिकेत मुलं-मुली मिळून ७० जण आहेत. मुली मुलांपेक्षा जास्त आहेत का?
विधान १: मुलींच्या संख्येची तिप्पट ही मुलांच्या संख्येच्या चौपटीएवढी आहे.
विधान २: मुलींची संख्या ३४ पेक्षा जास्त आहे.

विधान १ वर मुली ४०, मुलं ३०, उत्तर ठाम 'हो'. खरं तर आकडे काढायचीही गरज नव्हती; मुलींची तिप्पट ही मुलांच्या चौपटीएवढी म्हणजे मुली जास्तच. विधान २ वर बहुतेक जण ७० चे निम्मे ३५ हे आठवून 'चौतीसच्या वर, म्हणजे जास्त' म्हणतात आणि 'कोणतंही एक' टिक करतात. मुली ३५ घालून बघा. ३५ हे ३४ पेक्षा जास्त आहेत, आणि मुलंही ३५. विधान २ वर उत्तर 'कधी-कधी'. बरोबर पर्याय 'विधान १ एकटं'. तुम्ही दुसरा टिक केला असेल तर तो वहीच्या पहिल्या ओळीत लिहा, तारखेसकट.